लहान बाळ आणि पुढची साखर : रक्ताचा वाटा किती, ताटाचा किती?



वर्षावासात आरोग्यावर बोलायला आम्ही विहारांत जातो, तेव्हा दोन प्रश्न हमखास येतात. पहिला प्रश्न एखाद्या आजीचा असतो : "सूनबाईला बाळ झाले, दोन किलो दोनशे भरले. आमच्या घरात सगळी अशीच लहान जन्मतात. यात काळजीचे काही आहे का?" दुसरा प्रश्न चाळिशीतल्या एखाद्या भावाचा : "बाबांना शुगर, काकांना शुगर, आता मलाही निघाली. मी तर अंगाने बारीक आहे. आमच्या रक्तातच आहे म्हटल्यावर आता करायचे तरी काय?"

हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. एक बाळंतिणीच्या खोलीतला, दुसरा दवाखान्याच्या रांगेतला. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांच्या संशोधनाने दाखवले आहे की हे दोन प्रश्न एकाच दोरीची दोन टोके आहेत. आणि या दोरीचा मोठा भाग आपल्या महाराष्ट्रातच उलगडला गेला. म्हणून या अंकात तो विषय घेत आहोत.

अडीच किलोची रेषा

जन्मताना बाळाचे वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर त्याला 'कमी वजनाचे बाळ' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची ही रेषा आहे. कमी वजनाच्या बाळाला थंडी लवकर बाधते, जंतुसंसर्ग लवकर होतो, दूध ओढायला त्रास होतो, हे आपल्या आशाताई सांगतातच. पण बाळ जगले, वाढले, शाळेत जाऊ लागले की घरचे ते वजन विसरून जातात. शरीर मात्र विसरत नाही.

हे पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते इंग्लंडमध्ये. तिथल्या हर्टफर्डशायर परगण्यात सुईणी आणि परिचारिका प्रत्येक बाळाचे वजन वहीत लिहून ठेवत. डॉ. डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जुन्या वह्या शोधल्या, त्यातले जे पुरुष साठीत पोहोचले होते त्यांना गाठले आणि त्यांची साखर तपासली. १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अडीच किलो किंवा त्याहून कमी वजनाने जन्मलेल्यांपैकी ४० टक्के पुरुषांच्या साखरेत बिघाड होता. सव्वाचार किलोच्या वर जन्मलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होते.

बार्कर यांचे म्हणणे असे : गर्भाला पुरेसे अन्न मिळाले नाही तर तो काटकसर करतो. मेंदूला आधी देतो, आणि स्वादुपिंड, यकृत, स्नायू यांच्या वाट्याला कमी येते. इन्सुलिन तयार होते स्वादुपिंडात आणि साखर जास्त करून खर्च होते स्नायूंत. हे दोन्ही जन्मापासूनच तोकडे राहिले, आणि पुढे आयुष्यात खाणे वाढले, मेहनत कमी झाली, की साखर आवरत नाही.

पुण्याजवळच्या सहा गावांत काय दिसले

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गावातल्या विवाहित स्त्रियांची नोंद ठेवायची, दिवस गेले की त्यांचे खाणे, काम, रक्त तपासायचे, बाळ जन्मले की ते मोजायचे, आणि मग त्या मुलांच्या मागे वर्षानुवर्षे जायचे. शेतात राबणाऱ्या या आयांचे गरोदरपणाआधीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. बाळांचे सरासरी वजन भरले सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरातल्या बाळांचे होते ३.५ किलो.

आठशे ग्रॅमचा हा फरक नेमका कुठे आहे, हे त्यांनी मोजले. आपल्या बाळांचे दंड बारीक होते, पोटाचा घेर लहान होता, म्हणजे स्नायू आणि पोटातले अवयव कमी भरलेले होते. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी? ती जवळजवळ इंग्रज बाळांइतकीच होती. वजनाने हलके, दिसायला काटकुळे, तरी आतून चरबी राखून असलेले बाळ. त्याला संशोधक 'थिन-फॅट' बाळ म्हणतात. आपण 'बारीक पण चरबीदार' म्हणू.

मोठेपणीही हेच चालू राहते. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी एकदा स्वतःचीच तपासणी करून घेतली. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचाही २२.३. अगदी सारखा. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! तेव्हा "मी तर बारीक आहे, मला शुगर कशी?" या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. काट्यावर बारीक असणे आणि आतून बारीक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या सहा गावांतली मुले पुढे अठरा वर्षांची झाली. २०२१ साली त्यांच्याबद्दलचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के यांची साखर बिघडू लागली होती. आणि यातली जवळजवळ निम्मी तरुण मंडळी वजनाने कमीच होती. ज्यांची गर्भातली वाढ खुंटली होती आणि लहानपणापासून साखर थोडी वरच्या बाजूला होती, त्यांना धोका जास्त दिसला.

मग रक्ताचे काय?

आता भावाच्या प्रश्नाकडे येऊ. आईबापांकडून मुलाला जनुके मिळतात, निम्मी आईची, निम्मी बापाची. त्यांचा जन्माच्या वजनाशी आणि साखरेशी संबंध आहे का? आहे. तो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे.

इन्सुलिन हे साखर उतरवणारे द्रव्य म्हणून आपल्याला माहीत आहे. पण गर्भात ते वाढीचे खत आहे. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळाचे स्वादुपिंड त्या साखरेला पाहून स्वतःचे इन्सुलिन सोडते, आणि त्या इन्सुलिनवर बाळ वाढते. आता एखाद्या बाळाला इन्सुलिन कमी सोडणारे जनुक मिळाले तर? ते गर्भात लहान राहील, आणि मोठेपणी तेच जनुक साखर वाढवील. म्हणजे लहान वजन हे मधुमेहाचे कारण नसून दोघांचे मूळ एकच. हा विचार इंग्लंडमधल्या एक्झिटरचे डॉ. अँड्र्यू हॅटर्सली यांनी मांडला.

त्यांनी पुरावाही दिला. ग्लुकोकायनेज नावाचे एक जनुक आहे. त्यात विशिष्ट बिघाड असलेली कुटुंबे थोडी असतात आणि त्यांची साखर जन्मापासून किंचित वर असते. १९९८ साली हॅटर्सली यांनी दाखवले की बिघाड फक्त बाळात असेल तर त्याचे वजन सुमारे ५३० ग्रॅमने कमी भरते. बिघाड फक्त आईत असेल तर आईची साखर जास्त, म्हणून बाळ सुमारे ६०० ग्रॅमने जड. दोघांतही असेल तर बेरीज-वजाबाकी होऊन वजन जवळपास नेहमीसारखे. एकच जनुक, पण ते कोणात आहे यावर बाळ लहान की मोठे हे ठरते!

हा दुर्मीळ प्रकार झाला. तुमच्या-आमच्या घरातला नेहमीचा मधुमेह एका जनुकाने होत नाही. त्यात शेकडो जनुके थोडा थोडा हातभार लावतात. जन्माच्या वजनाशी संबंध असलेल्या जनुकांच्या जागा शोधता शोधता २०१९ पर्यंत १९० जागा सापडल्या. त्यांतल्या काही बाळाच्या स्वतःच्या वाढीवर काम करतात, तर काही आईच्या शरीरातून, तिची साखर, तिचा रक्तदाब यांच्या वाटेने काम करतात. काही जागा मधुमेहाच्या यादीतही आहेत. एडीसीवाय-५ आणि सीडीकेएएल-१ ही त्यांतली दोन नावे. मधुमेहाकडे झुकवणारा यांचा प्रकार बाळाला मिळाला तर बाळाचे वजन थोडे कमी भरते.

हैदराबादहून आलेले उत्तर

पण हे सगळे शोध युरोपातल्या लोकांवर झाले होते. आपली बाळे लहान जन्मतात ती आपली जनुकेच वेगळी म्हणून का? हा प्रश्न हैदराबादच्या सीसीएमबी या केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेत डॉ. गिरीराज चांडक यांच्या गटाने हाती घेतला. पुण्याची ती सहा गावे, म्हैसूर, मुंबई आणि बांगलादेश इथल्या आया-मुलांची जनुके त्यांनी तपासली. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

त्यात तीन गोष्टी निघाल्या. पहिली : बाळाच्या जनुकांचा वजनावरचा परिणाम आपल्यात आणि युरोपीय लोकांत जवळजवळ सारखाच आहे. जनुकांच्या मोजपट्टीवर एक पायरी वर गेले की वजन सुमारे ५० ग्रॅमने वाढते. दुसरी : तरीही आपली बाळे कितीतरी लहान आहेत, तेव्हा या जनुकांवरून त्या फरकाचा उलगडा होत नाही. आईची उंची-वजन, तिचे पोषण, तिचे आरोग्य, भोवतालची परिस्थिती यांचा यात मोठा वाटा असावा. तिसरी : हीच जनुके मोठेपणीच्या उपाशीपोटीच्या साखरेशीही जोडलेली दिसली. म्हणजे रक्ताचा वाटा खरा आहे. पण तो एकटा नाही.

ही दुसरी गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. कोणत्याही समाजाला "तुमची पैदासच लहान" म्हणणे हे शास्त्र नव्हे. बाळ लहान जन्मते त्यामागे कारणे असतात, आणि कारणे बदलता येतात.

पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार

रक्त आणि ताट यांच्यामध्ये आणखी एक दुवा आहे. जनुक तेच राहते, पण अन्न, आजार, ताण यांच्या खुणा त्याच्यावर उमटतात आणि त्याचे काम कमी-जास्त होते. २०१५ साली डॉ. आनंदवर्धन हर्डीकर, डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांत इन्सुलिनचे काम बिघडलेले होते आणि इन्सुलिनच्या जनुकावर अशा खुणा होत्या. त्यांना नंतर दोन पिढ्या भरपूर खायला दिले, तरी बिघाड पुसला गेला नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पण ज्यांच्या पूर्वजांना उरलेसुरले खाऊन राबावे लागले, ज्यांच्या आजीने दुष्काळ पाहिला आणि ज्यांच्या आईने चिऱ्याच्या खाणीवर पोटुशी असताना पाट्या वाहिल्या, त्यांनी हा अभ्यास लक्षात ठेवावा. आता घरात दोन वेळचे आहे, मुंबईला नोकरी आहे, म्हणजे सगळे भरून निघाले असे नाही. उलट, काटकसरीला बनलेल्या शरीराला एकदम वडापाव, फरसाण आणि बसून काम मिळाले की साखर लवकर गाठते. आमच्याकडे येणाऱ्या अनेक चाकरमानी कुटुंबांत हेच दिसते.

काय करता येते?

जनुके बदलता येत नाहीत. बाकी बरेच काही बदलता येते, आणि त्याचे पुरावे आपल्या जवळचेच आहेत.

*दिवस जाण्याआधी.* मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी स्त्रियांना रोज पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला एक खाऊ दिला, दिवस जाण्याच्या आधीपासून बाळंतपणापर्यंत. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर बाळाच्या वजनात फरक दिसला नाही. पण ज्यांनी दिवस जाण्याच्या किमान तीन महिने आधीपासून तो खाल्ला, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली. जनुकांच्या एका पायरीएवढेच झाले हे! शिवाय गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला. पुण्याच्या गावांतही पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त घेणाऱ्या आयांची बाळे मोठी होती.

म्हणजे सुरुवात सुनेच्या डोहाळजेवणापासून नाही, मुलीच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून करायची. आपल्या जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने हाच विचार करून कोकणातल्या १६ ते १८ वर्षांच्या सुमारे दीड हजार मुलींचा अभ्यास सुरू केला आहे. या मुली उद्याच्या आया आहेत. मुलीला भावाइतकेच वाढा. तिचे हिमोग्लोबिन तपासा. अठराच्या आत लग्न नको, आणि लग्नानंतर लगेच पाळणाही नको.

*ताटात काय?* महागडे डबे आणू नका. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, शेवग्याचा पाला, माठ, पावसात टाकळा-भारंगी. बी-१२ हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसते. पुण्याच्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश आयांमध्ये ते कमी होते, आणि फोलेट भरपूर पण बी-१२ कमी अशा आयांच्या मुलांत पुढे इन्सुलिनचे काम बिघडलेले दिसले. आपल्याकडे त्यावर सोपा उपाय आहे : मासळी, तिसऱ्या, अंडी, दूध-ताक. सुकट चालेल, खारवलेली असेल तर नीट धुऊन. "कमी खा, बाळ मोठे झाले तर सिझर होईल" हा सल्ला घातक आहे. तो देणाऱ्याला प्रेमाने थांबवा.

*गरोदरपणात.* पुण्याच्या अभ्यासात खूप अंगमेहनत करणाऱ्या आयांची बाळे लहान भरली. शेवटच्या महिन्यांत डोक्यावर लाकडे, पाण्याचे हंडे नकोत. दुपारी तासभर तिला पडू द्या. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हेच म्हटले होते : बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. आपल्या स्वयंपाकघरात ते आधी अमलात यायला हवे.

मशेरी बंद करा. मुंबईत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मशेरी-तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि दिवस पूर्ण होण्याआधी जन्मण्याचे प्रमाणही बरेच जास्त होते. आजीने सुनेसमोर मशेरी लावायची सोडली तर सुनेलाही सोपे जाईल.

उपकेंद्रात नाव लवकर नोंदवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्याव्यात, बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर तपासतात, ती पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करून घ्या. १४० किंवा जास्त आली तर तो गरोदरपणातला मधुमेह. त्यात बाळ जास्त मोठे होऊ शकते, आणि अशा मुलालाही पुढे साखरेचा धोका असतो. तेव्हा बाळ लहान नको तसेच साखरेने फुगलेलेही नको.

*बाळ लहान जन्मले तर.* आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब द्या, पहिल्या तासात अंगावर पाजा, सहा महिने फक्त आईचे दूध. पहिली दोन वर्षे नीट वाढू द्या. पण पुढे "हाडं दिसतात" म्हणून बिस्किटे, वेफर्स, शीतपेये कोंबू नका. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या मुलांचा अभ्यास झाला. त्यांच्यात पुढे मधुमेह झालेली माणसे लहानपणी, दोन वर्षांपर्यंत, बारीक होती आणि नंतर भराभर वजन वाढवून बसली होती. मुलाला मैदानात पाठवा, स्नायू तिथे बनतात.

*मोठ्यांसाठी.* आईबापांना मधुमेह असेल किंवा तुमचे जन्माचे वजन कमी होते असे घरचे सांगत असतील, तर तिशीपासून दरवर्षी साखर तपासा. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते. वजनकाट्यापेक्षा टेप हातात घ्या : कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आत, स्त्रीचा ८० च्या आत. भाताचा डोंगर कमी करून डाळ-मासळी-भाजी वाढवा आणि रोज अर्धा-पाऊण तास चाला. औषध सुरू असेल तर मनाने थांबवू नका. बाबासाहेबांनाही शेवटच्या वर्षांत मधुमेहाने गाठले होते. हा रोग लाज बाळगण्याचा नाही, नीट सांभाळण्याचा आहे.

शेवटी

आता त्या आजीला आमचे उत्तर : काळजीचे आहे, पण घाबरण्याचे नाही. तुमच्या घरात बाळे लहान जन्मतात याचे एक कारण असे असेल की तुमच्या घरात आयांना नेहमीच कमी मिळाले. सुनेला दोष देऊ नका, तिचे ताट भरा आणि बाळाच्या वजनाचे कार्ड जपून ठेवा. ते कार्ड तीस वर्षांनी त्याच्या डॉक्टरला उपयोगी पडेल.

आणि त्या भावाला : रक्तात आहे हे खरे. पण रक्तात असते तो कल, निकाल नव्हे. कारण असेल तर परिणाम होतो आणि कारण हटवले तर परिणाम कमी होतो, हे तथागतांनी आपल्याला शिकवले आहे. एकट्या औषधाच्या गोळीवर विसंबू नका. कंबर मोजा, चालायला लागा, आणि घरात मुलगी असेल तर आज रात्री तिच्या ताटात काय वाढले आहे ते एकदा पाहा. तुमच्या नातवाची साखर तिथून सुरू होते.

जयभीम!